पोलादी पिंपाचा मृदू स्वर

तालुक्याच्या गावाची ओळख पूर्वी मामलेदार कचेरी, दवाखाना आणि आठवड्याचा बाजार या तीन गोष्टींवरून पटत असे. अलीकडे त्यांत अभ्यासिकेची भर पडली असून, स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गढलेली आसपासच्या खेड्यांतील मुलेमुली पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथे माना खाली घालून बसलेली दिसतात. गंगापुरातील अशाच एका अभ्यासिकेत एके पहाटे माझ्या शेजारच्या बाकावर एक तरुण तलाठ्याच्या परीक्षेसाठी जमीन महसुलाची कलमे घोकीत बसला होता. त्याच्या कानांत इअरफोन होते, आणि तरीही त्याचे डोळे पुस्तकाच्या ओळीवरून तसूभरही ढळत नव्हते. हे साधते कसे, असे मी विचारताच त्याने एका कानातला इअरफोन काढून माझ्या हाती दिला.

"काका, हे वेस्ट इंडिजकडचं आहे. गाणं लावलं की त्याचे शब्दच डोक्यात घुमत राहतात, कलम काही ध्यानात राहत नाही. याला शब्दच नाहीत, म्हणून हे लावतो."

मी ऐकले. दूर कोठेतरी लाटांची गाज होती, तिच्यावर गिटारीची संथ छेड होती, आणि त्या दोहोंच्या वर, जलतरंगाहून भरीव आणि देवळातल्या घंटेहून मवाळ असा एक धातूचा नाद थेंबाथेंबाने पडत होता; एक स्वर विरतो न विरतो तोच दुसरा त्याच्या कडेला येऊन टेके. हा नाद कशाचा, हे त्या मुलास ठाऊक नव्हते. तो तेलाच्या पिंपाचा होता: आपल्या बाजारात डांबरासाठी, रॉकेलसाठी आणि बांधकामावर पाणी साठविण्यासाठी जे वापरतात, त्याच दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाचा. त्रिनिदाद बेटावर जन्मलेल्या या वाद्यास तेथील लोक 'स्टीलपॅन' किंवा नुसते 'पॅन' म्हणतात. ज्या वाद्याचा पूर्वेतिहास सरकारी मनाई हुकूम, गल्ल्यागल्ल्यांतील हाणामाऱ्या आणि रस्त्यावरचा कल्लोळ यांनी भरलेला आहे, तेच वाद्य आज जगभरचे विद्यार्थी मन स्थिर व्हावे म्हणून ऐकतात, आणि हे कसे घडले ते सांगण्यासारखे आहे.

प्रथम त्या मुलाच्या म्हणण्याविषयी. ते शास्त्रास धरून होते. पिएर सालामे आणि ॲलन बॅडली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली दाखवून दिले की, डोळ्यांनी वाचलेले आकडे लक्षात ठेवीत असता कानांवर पडणारे बोलणे, त्याकडे लक्ष द्यायचे नाही असा निश्चय केला तरीही आणि ते निरर्थक असले तरीही, स्मरणात व्यत्यय आणते. पुढे १९८९ मध्ये त्यांनाच असे आढळले की, शब्दांसह गायिलेले संगीत निःशब्द वाद्यसंगीतापेक्षा अधिक अडथळा करते. वाचताना आपण मनातल्या मनात शब्द उच्चारीत असतो, आणि त्याच वाटेवर दुसऱ्याचे शब्द आले म्हणजे दोघांची कोंडी होते. मात्र संगीताने बुद्धी वाढते, हा जो समज १९९३ साली मोत्सार्टच्या एका रचनेवरील प्रयोगानंतर जगभर पसरला, त्याला आधार नाही. त्या प्रयोगात ३६ विद्यार्थी होते आणि दिसलेला लाभ दहा-पंधरा मिनिटांपुरता होता. पुढील संशोधनाने तो लाभ बुद्धीचा नसून प्रसन्न आणि जागृत झालेल्या चित्तवृत्तीचा असल्याचे दाखविले. म्हणून माझे मत असे की, कठीण प्रकरण पहिल्याने वाचताना शांततेसारखे साधन नाही. पण सराव, उजळणी, उतारे लिहिणे, आकडेमोड यांसारख्या कामांत, आणि विशेषतः अभ्यासाला बसण्यापूर्वी विखुरलेले मन गोळा करण्यासाठी, निःशब्द आणि संथ संगीताचा उपयोग निश्चित आहे.

आता त्या संगीताच्या मुळाकडे वळू. ती वाट उसाच्या फडात जाते, आणि म्हणूनच ती गंगापूरच्या वाचकाला अनोळखी वाटू नये. दिवाळी सरली की आपल्या शिवारात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता हातातून सुटत नाही. वेस्ट इंडिजच्या ब्रिटिश अमलाखालील बेटांवर १८३८ साली गुलामगिरीचा पूर्ण अंत झाला, तेव्हा मोकळे झालेले आफ्रिकी वंशाचे लोक मळ्यांवर पूर्वीच्या अटींवर राबण्यास तयार होईनात, आणि साखरेच्या मळेवाल्यांनी इंग्रज सरकारकडे मजुरांसाठी तगादा लावला. तेव्हा हिंदुस्थानातील रयतेपैकी दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेल्यांना पाच वर्षांच्या करारावर समुद्रापार रवाना करण्याची पद्धत सुरू झाली. त्या कराराला मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' हे नाव पडले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज त्रिनिदादला लागले, आणि १९१७ पर्यंत सुमारे एक लक्ष चव्वेचाळीस हजार माणसे या मार्गाने त्या एकाच बेटावर गेली. त्यांतील बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील होती. भरती करणारे दलाल त्या बेटाचे नाव 'चिनीदाद', म्हणजे साखरेचा मुलूख, असे सांगत, अशी आठवण त्यांच्या वंशजांत आजही सांगितली जाते.

या माणसांनी गाठोड्यातून आपले रामायण नेले, मोहरमचा ताबूत नेला आणि ताशा नेला. मराठी वाचकाला ताशा म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पण हे सांगितले पाहिजे की, त्रिनिदादमध्ये आजही या वाद्याचे नाव 'तासा' हेच आहे, त्याची जोड ढोलाशी आणि झांजेशीच आहे, आणि लग्नाच्या मिरवणुकीत ते वाजल्याशिवाय मंडपाला शोभा येत नाही. आपल्याकडे हलगीवाला जसा वाजविण्याआधी काटक्यांच्या जाळावर हलगी शेकून घेतो, तसेच तेथील वादक मातीच्या भांड्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे रस्त्याकडेच्या जाळावर धरतात, बोटाने टिचकी मारून पाहतात आणि पुन्हा जाळावर धरतात. हिंदू, मुसलमान आणि आफ्रिकी वंशाचे लोक तेथील मोहरमच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत 'होसे'च्या, मिरवणुकीत एकत्र चालत. या एकत्र येण्याचेच सरकारला भय वाटले. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडो या गावाच्या वेशीवर मनाई हुकूम मोडून निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि किमान १६ माणसे ठार झाली.

त्याच सुमारास आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ढोलांवरही बंदी आली. कार्निव्हल या वार्षिक उत्सवाच्या रात्री मशाली घेऊन, ढोल बडवीत निघणाऱ्या जमावाचा आणि पोलिसांचा १८८१ साली संघर्ष झाला होता, आणि पुढील दोन-तीन वर्षांत कायद्याने ढोल वाजविणे बेकायदा ठरले. परंतु ज्या लोकांचे सारे हिरावून घेतले होते आणि ज्यांच्याजवळ लय एवढीच मालमत्ता उरली होती, ते ती लय सरकारजमा कशी होऊ देतील? त्यांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू तोडले आणि ते जमिनीवर आपटून व एकमेकांवर मारून ताल धरला. या बांबूवादनातील दोन अंगांची नावे, 'कटर' आणि 'फुले', तीच हिंदी मजुरांच्या ताशांचीही नावे आहेत. शेजारी राहणाऱ्या दोन समाजांच्या लयी एकमेकींत कशा मिसळल्या याची ही खूणच म्हटली पाहिजे. बांबू फुटतो, त्याचा आवाज दूरवर पोचत नाही. म्हणून १९३०च्या दशकाच्या अखेरीस पोरांनी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या टोपल्या, मोटारीच्या चाकांची झाकणे, जे हाती येईल ते बडवायला आरंभ केला, आणि डबा एका ठिकाणी ठोकून ठोकून पोचला की तेथला आवाज बदलतो, हे कोणाच्या तरी लक्षात आले. लहान मूल स्वयंपाकघरात ताट आणि पातेले आलटून पालटून वाजविते तेव्हा हाच शोध लावीत असते. पण या पोरांनी तो सोडला नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्रिनिदादवर अमेरिकेचा मोठा नाविक तळ आला, बेटावर खनिज तेलाचा उद्योग होताच, आणि रिकाम्या पिंपांना तोटा उरला नाही. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत कार्निव्हल बंद होता. १९४५ साली विजयाची वार्ता आली तेव्हा हे पोलादी ताफे रस्त्यावर उतरले. विन्स्टन सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स ही त्या काळातील कारागिरांची नावे आदराने घेतली पाहिजेत. ही सारी गरीब वस्त्यांतील तरुण मंडळी होती. संगीताचे लिपीबद्ध शिक्षण त्यांतील बहुतेकांना नव्हते, आणि सभ्य समाज त्यांना गुंड समजत असे. १९५१ साली त्यांच्यातील निवडक वादकांचा एक ताफा लंडनच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'ला गेला. त्याचे नेतृत्व करणारे जोसेफ ग्रिफिथ यांनी सप्तकातील बाराही स्वर प्रत्येक वाद्यात असलेच पाहिजेत असा आग्रह धरला, आणि त्या दिवसापासून हे वाद्य तालाच्या दाराबाहेरून रागदारीच्या ओटीवर आले असे म्हणता येईल.

पिंपाचे वाद्य होते कसे, हे पाहू जाता मला आपल्याकडचा तांबट आठवतो. पिंपाचा तळ वर करून कारागीर जड हातोड्याने ठोके घालू लागतो. तासन् तास ठोकल्यावर तो सपाट पत्रा खोल परातीसारखा होतो. उंच स्वरांच्या पॅनमध्ये ही खोली वीतभर असते आणि पत्रा ताणला जाऊन मध्यावर बराच पातळ होतो. मग त्यावर स्वरांच्या जागा आखतात, कडेला मोठ्या आणि मध्याकडे लहान होत जाणाऱ्या, आणि बोथट छिन्नीच्या टोकाने त्यांच्याभोवती टिंबांची रेघ उठवितात. पिंपाची बाजू हव्या तितक्या उंचीवर कापून टाकतात. उंच स्वरांसाठी ती चार बोटे-वीतभर राहते, खर्जासाठी संपूर्ण पिंप तसेच ठेवतात, आणि एका खर्जवादकासमोर अशी सहा किंवा नऊ पिंपे उभी असतात. त्यानंतर ते आगीवर धरून तापवितात व थंड करतात, म्हणजे ताणलेल्या पोलादाला स्थैर्य येते. आणि मग सुरू होते ते खरे कौशल्याचे काम: लहान हातोडीने एकेक स्वराची जागा खालून फुगवायची, वरून दाबायची, कान लावायचा, पुन्हा ठोका. तांबट ज्याला मठारणे म्हणतो तेच हे. फरक एवढाच की हंड्याला मठारतात ते बळकटीसाठी आणि झळाळीसाठी, येथे मठारायचे ते एका स्वराच्या पोटात त्याचाच वरच्या सप्तकातील स्वर बसविण्यासाठी. कारण उत्तम पॅनमध्ये प्रत्येक जागेतून मूळ स्वर, त्याचा तार-सप्तकातील जोडीदार आणि पुष्कळदा त्याच्याही वरचा पंचम असे तीन नाद मेळ घालून निघतात. ठोका पडताच प्रथम मूळ स्वर बोलतो आणि निमिषार्धात त्याची शक्ती वरच्या स्वरांकडे वाहते. म्हणून हा नाद आदळत नाही, उमलतो. त्यात वादकाच्या काड्यांच्या टोकांना रबर गुंडाळलेले असते, त्यामुळे धातूची धार कानाला लागत नाही. लोखंडाचे मार्दव ते हे.

याहूनही विलक्षण गोष्ट स्वरांच्या मांडणीत आहे. पेटीवर स्वर एकापुढे एक, सा रे ग म असे असतात. पॅनवर तसे नसतात. अँथनी विल्यम्स यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि आता सर्वत्र रूढ झालेल्या मांडणीत स्वर वर्तुळावर बसविलेले असतात, आणि कोणताही स्वर षड्ज मानला तर त्याच्या एका बाजूस पंचम आणि दुसऱ्या बाजूस मध्यम येतो. त्याचे कारण व्यावहारिक आहे: सगळे स्वर एकाच पत्र्यावर असल्यामुळे एक वाजला की शेजारीही थरथरतात, आणि शेजारी जर विसंवादी असला तर कानाला बोचतो, संवादी असला तर त्याच स्वराला प्रभावळ चढते. आता हे वाचताना गंगापुरापासून फारशा दूर नसलेल्या देवगिरीच्या किल्ल्याकडे मन गेल्याशिवाय कसे राहील? तेराव्या शतकात यादवराजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक पंडित होता. हुद्द्याने तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबी दफ्तराचा प्रमुख, आणि त्याने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. दोन स्वर एकमेकांचे संवादी केव्हा होतात हे त्याने श्रुती मोजून सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम हीच नाती. त्याच ग्रंथातील वाद्याध्यायात तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे वाद्यांचे चार वर्ग आहेत. पॅन हे त्या वर्गीकरणाने घनवाद्य, म्हणजे झांजेचे आणि घंटेचे भावंड. आपल्याकडे घनवाद्याच्या वाट्यास बहुधा ताल राखण्याचे काम आले; त्रिनिदादच्या कारागिरांनी त्याच्याकडून संपूर्ण गायन करवून घेतले, आणि ज्या संवादतत्त्वावर आपल्या पूर्वसूरींनी ग्रंथ लिहिले तेच तत्त्व हातोडीच्या अनुभवाने शोधून काढले. विसाव्या शतकात निर्माण झालेल्या स्वरवाद्यांमध्ये, जे विजेवर अवलंबून नाही, असे याच्या तोडीचे दुसरे वाद्य मला दिसत नाही.

कॅरिबियन समुद्रातील इतर बेटांची देणगीही मोठी आहे. क्यूबातील 'दान्सोन' हा संथ आणि रेखीव नृत्यसंगीताचा प्रकार १८७९ साली मातान्सास शहरी मिगेल फाइल्दे यांनी रूढ केला. जमैकात अर्नेस्ट रँग्लिन यांची गिटार ऐकली की दुपार लांबते असे वाटते. आणि या संगीताचा एक पाट फार पूर्वीच आपल्या गोदाकाठी येऊन मिळाला होता. गंगापूरच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठच्या पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी हिंदी चित्रपटसंगीतात क्यूबाचा बोंगो आणि लॅटिन लयी अशा सहजपणे आणल्या की, 'अलबेला'तील 'शोला जो भडके' १९५१ पासून आजतागायत लग्नाच्या वरातीत वाजत आहे. त्यांच्या ताफ्यात गोव्याच्या आल्दोनाचे चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक होते. 'समाधी'तील 'गोरे गोरे' या गाण्याच्या चालीचे मूळ जाणकार ज्या इंग्रजी गाण्यात सांगतात, ते लोकप्रिय करणारे एडमंडो रॉस हे लंडनमधील वाद्यवृंदाचे नायक मूळचे त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनचे. तेव्हा ज्या बेटांचे संगीत आज इअरफोनातून येते, त्याची लय आपल्या आजोबांनी टूरिंग टॉकीजच्या तंबूतच ऐकलेली होती.

गिरमिटियांच्या वंशजांनी या वाद्याला काय दिले, हे तर सुवर्णाक्षरांनी लिहिण्याजोगे आहे. जित समारू हे लोपिनो खोऱ्यातील हिंदी वंशाच्या घरात १९५० साली जन्मले. 'रेनेगेड्स' या ताफ्यासाठी त्यांनी केलेल्या स्वररचनांनी १९८२ ते १९९७ या काळात 'पॅनोरमा' ही राष्ट्रीय स्पर्धा नऊ वेळा जिंकली. शंभर वादकांच्या हातून एकाच वेळी धावणाऱ्या त्या तानांत एकही स्वर धूसर होत नाही. मुंगल पटासर यांनी सतार आणि पॅन एकत्र आणून आपल्या वृंदाचे नावच 'पॅनतार' ठेवले. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरविला. ज्या ढोलावर एके काळी मनाई हुकूम निघाला, त्याच्या नातवाचा हा सन्मान आहे.

अभ्यासासाठी ऐकणाऱ्यांना माझे सांगणे थोडेच आहे. 'कॅरिबियन विश्रांती' अशा नावाने जे तासन् तास चालणारे ध्वनिमुद्रण मिळते, त्यातील पुष्कळसे यंत्राच्या कळा दाबून काढलेले असते. त्यातला प्रत्येक स्वर मोजून सारखा, म्हणून लवकरच निर्जीव होतो. खऱ्या पॅनवर लांब स्वर धरायचा असेल तर वादकाला दोन्ही काड्यांनी झरझर ठोके द्यावे लागतात, आणि त्या थरथरीत हाताचा कमीजास्त भार ऐकू येतो. तो ऐकू आला की समजावे, समोर माणूस आहे. आवाज इतका मंद ठेवावा की पुस्तकाचे पान उलटल्याचे कानी पडावे. आणि निदान एकदा तरी पुस्तक मिटून, दहा मिनिटे, केवळ त्या पिंपासाठी बसावे. ज्यांनी ते घडविले त्यांचा तेवढा हक्क आहे.

त्रिनिदादचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेनऊ तास मागे चालते. कार्निव्हल येतो तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा असतात तेव्हाच. आणि गंगापूरच्या अभ्यासिकेत पहाटे पाचला पहिला दिवा लागतो, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि दिवसाचे काम आटोपून आलेले वादक पॅनयार्डात, स्पर्धेच्या तालमीसाठी, आपापल्या पिंपांसमोर उभे राहत असतात.